उसाच्या रोपासोबत त्याच्या बेणेमळ्याची चिठ्ठी मिळावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आडसाली, म्हणजे पावसाळ्यात होणाऱ्या, ऊस लागणीच्या रोपांची नोंदणी सध्या गावोगाव सुरू आहे. ऊसदर, थकीत बिले आणि तोडणीचा क्रम या प्रश्नांना आपल्या दैनिकात वेळोवेळी जागा मिळते आणि ती मिळायलाच हवी. मात्र कांडीवरच्या ज्या डोळ्यापासून, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेपासून, हा सगळा ऊस उभा राहतो, तो डोळा निरोगी आहे की नाही, या प्रश्नाची चर्चा कृषी पुरवणीतल्या एखाद्या तांत्रिक लेखापलीकडे क्वचितच जाते. गेल्या तीन वर्षांत या विषयात माझे हात पोळले आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात मी दोन एकरांवर पाच फुटांची सरी सोडून दीड फुटावर रोपे लावली. त्यासाठी एका रोपवाटिकेतून साधारण साडेअकरा हजार रोपे, दोन रुपये चाळीस पैशांप्रमाणे, आणली होती. कोकोपीटवर वाढवलेली महिन्याची रोपे दिसायला टवटवीत होती आणि नांगी भरण्याची, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याची, वेळ जवळजवळ आलीच नाही, त्यामुळे मी खूश होतो. ऑक्टोबरात काही बेटांतून (बेट म्हणजे एका रोपाचे सगळे ऊस) दर्भासारखे बारीक, फिकट फुटवे येऊ लागले. त्यांतली काही पाने तर पांढरीफट्ट होती. आमच्याकडे याला गवत्या म्हणतात आणि पुस्तकात गवताळ वाढ. रोपवाटिकेत फोन केला, तर “काका, एक फवारणी घ्या, जाईल,” असे उत्तर मिळाले. गवताळ वाढ फवारणीने जात नाही. ती बुरशी नसून फायटोप्लाझ्मा नावाच्या, जिवाणूसारख्या अतिसूक्ष्म जीवामुळे होते आणि हा जीव उसाच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांमध्ये राहतो. मी दिसतील ती बेटे मुळासकट काढली, पण खर्च अंगावर येईल या भीतीने खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक, ठेवला, ही माझी चूक होती. खोडव्यात पाचातले एक बेट गवत झाले. रोपांची पावती मी जपून ठेवली होती. तिच्यावर रोपांची संख्या, रक्कम आणि ‘८६०३२’ हा वाणाचा क्रमांक एवढाच मजकूर होता. डोळे कोणत्या गावच्या, कोणत्या फडातून आणले, ऊस लागणीचा होता की खोडव्याचा, त्याचे वय किती होते, यांपैकी काहीही त्या कागदावरून कळत नव्हते, आणि विचारल्यावर मालकालाही ते सांगता आले नाही.

ज्वारी-बाजरीचे पीक बियाण्यापासून येते आणि पुष्कळसे रोग बियाण्याच्या उंबरठ्यावरच थांबतात. ऊस आपण कांडीपासून लावतो, म्हणजे मागच्या पिकाचा एक तुकडाच पुढच्या पिकाचे शरीर होतो. त्यामुळे मागच्या फडात जे काही मुरलेले होते, ते सगळे वारसाहक्काने पुढे येते. गवताळ वाढ, चाबूक काणी, लाल कुज, मर, मोझॅक आणि खोडव्याचा खुजा रोग हे सारे बेण्यातून, म्हणजे लागणीसाठी घेतलेल्या कांड्यांतून, प्रवास करतात. गवताळ वाढ तुडतुड्यांमार्फतही पसरते, पण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात ती तुडतुड्याच्या पंखांवरून जात नाही, ती टेम्पोतून जाते. या रोगाची ठळक नोंद १९४९ मध्ये आपल्याच राज्यात बेलापूर परिसरात झाली होती. म्हणजे पाऊणशे वर्षे हा पाहुणा आपल्या ओळखीचा आहे आणि तरीही आपण त्याला ट्रेमध्ये बसवून घरपोच पाठवतो आहोत.

या यादीतला खुजा रोग सर्वांत कावेबाज आहे, आणि त्याविषयी शेतकऱ्यांत फारच कमी बोलले जाते. त्याला बाहेरून ओळखू येईल असे कोणतेही खास लक्षण नसते. पानावर ठिपका नाही, शेंड्याला चाबूक नाही, कांडी कुजत नाही. कांड्या आखूड आणि बारीक राहतात, खोडवा मुकाट्याने खुजा होतो आणि आपण पाण्याला, खताला किंवा हवामानाला दोष देत राहतो. कांडी उभी चिरून पेराच्या खालच्या भागात पाहिले, तर काही वेळा नारिंगी-तांबूस ठिपके किंवा स्वल्पविरामासारख्या खुणा दिसतात. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. हा रोग जिवाणूमुळे होतो आणि त्याचे मुख्य वाहन आपला कोयता आहे. रोगट बेट तोडून तोच कोयता निरोगी बेटावर चालला, की काम झाले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये १९४०च्या दशकात हा रोग प्रथम ओळखला गेला. तेव्हापासून ऊस पिकवणाऱ्या अनेक देशांत बेण्याला उष्णतेची प्रक्रिया देणे आणि बेणे तोडणारी हत्यारे निर्जंतुक करणे हा बेणेमळ्याच्या, म्हणजे खास बेण्यासाठी राखलेल्या उसाच्या, कामाचा भाग झाला. आपल्याकडे ऊसतोड टोळी एका फडातून दुसऱ्या फडात जाताना कोयता पुसतही नाही. यात टोळीला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण आपण त्यांना तसे कधी सांगितलेलेच नाही.

‘८६०३२ आता दमले’ हे वाक्य आमच्या भागात गेली काही वर्षे सतत कानावर पडते. को ८६०३२ हा वाण कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेचा. पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने तपासून घेतल्यावर १९९६ मध्ये ‘नीरा’ या नावाने तो महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला आणि एवढी वर्षे त्याने राज्यातल्या उसाचा मोठा भार वाहिला. कांडीपासून लावलेल्या पिकाचा मूळ गुणधर्म सहसा इतक्या सहजी बदलत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे पुष्कळ ठिकाणी वाण दमलेला नसून बेणे दमलेले आहे. त्याच फडातले, खोडव्याचे, चौदा-पंधरा महिन्यांचे, राठ डोळ्यांचे बेणे आपण वर्षानुवर्षे फिरवत राहिलो आणि प्रत्येक फेरीत रोगाची थोडी थोडी ठेव वाढत गेली. त्याच वाणाचे प्रक्रिया केलेले बेणे एका सरीत आणि घरचे बेणे शेजारच्या सरीत लावून पाहावे, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल. तसे न करता आपण नव्या क्रमांकाच्या मागे धावतो आणि नव्या वाणाचे बेणेही त्याच पद्धतीने फिरवून तीन-चार वर्षांत त्यालाही दमवतो.

याला दुसरी बाजू आहे आणि ती सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. उत्तर प्रदेशात को ०२३८ या वाणाने साखरेचा उतारा आणि उसाचे उत्पादन दोन्ही वाढवले, आणि एका काळी तिथल्या बहुतांश क्षेत्रावर तोच एक वाण उभा होता. नंतर लाल कुजीच्या बुरशीने त्याची प्रतिकारशक्ती मोडली आणि तिथल्या शेतकऱ्यांना वाण बदलावा लागला. तिथे निरोगी बेण्याने सगळे भागले असते असे मी म्हणणार नाही, कारण बुरशीच बदलली होती. पण रोगट बेणे या गावातून त्या गावात गेल्याने आग किती वेगाने पसरली, हा धडा आपल्यालाही लागू पडतो. लाल कुजीच्या बाबतीत उष्ण हवेची प्रक्रियाही कांडीच्या आत खोल गेलेल्या बुरशीपुढे अपुरी पडते. अशा फडातला एकही डोळा बेण्यासाठी घ्यायचा नाही, हाच तिथे नियम आहे, आणि बेणे प्रमाणीकरणाच्या मानकातही लाल कुजीचे एकसुद्धा बेट चालत नाही.

निरोगी बेणे तयार करण्याची पद्धत कोणाला माहीत नाही असे नाही. ती त्रिस्तरीय पद्धत पुस्तकांत आहे, पाडेगावला आहे, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आहे आणि लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने तर तिचा देशभर प्रचार केला आहे. शुद्ध वाणाच्या नऊ ते अकरा महिन्यांच्या उसाला सुमारे ५४ अंश सेल्सिअस तापमानाच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत शिफारशीप्रमाणे अडीच ते चार तास ठेवतात. डोळा तेवढी उष्णता सोसतो, पण गवताळ वाढीचा जीव, खुज्या रोगाचा जिवाणू आणि काणीची बुरशी ती बहुतांशी सोसत नाहीत. या बेण्यापासून मूलभूत बेणेमळा, त्यापासून पायाभूत, पायाभूतपासून प्रमाणित आणि प्रमाणित बेणे शेतकऱ्याच्या फडात, अशी ही साखळी आहे. प्रत्येक टप्प्यावर बेणेमळ्याची किमान तीन वेळा पाहणी करून रोगट आणि भेसळ बेटे मुळासकट काढून टाकायची असतात. कापलेले बेणे कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात दहा मिनिटे बुडवण्याची जी शिफारस आपण पाळतो, ती चांगलीच आहे, मात्र तिचा उपयोग कापलेल्या तोंडातून शिरणाऱ्या बुरशीपुरता आहे. आत बसलेल्या फायटोप्लाझ्माला त्या पाण्याने काहीही होत नाही. आमच्याकडचे निम्मे शेतकरी आणि काही रोपवाटिकाचालकही ‘बेणेप्रक्रिया केली आहे’ म्हणजे रोगमुक्त बेणे असे समजतात.

हे काम एखाद्या कारखान्याला झेपणार नाही, असे सभांमध्ये सांगितले जाते, म्हणून मी एक ठोकळ हिशेब मांडतो. समजा, एका कारखान्याचे कार्यक्षेत्र दहा हजार हेक्टर उसाचे आहे आणि त्यात निम्मी लागण, निम्मा खोडवा आहे. लागणीच्या पाच हजार हेक्टरचे बेणे तीन वर्षांतून एकदा बदलायचे, म्हणजे दरवर्षी साधारण सतराशे हेक्टरला प्रमाणित बेणे हवे. एका हेक्टरच्या बेण्यात दहा हेक्टर लागण होते, असे धरले तर प्रमाणित बेणेमळे १७० हेक्टर, पायाभूत १७ हेक्टर आणि मूलभूत दोन हेक्टरांहून कमी लागतात. दोन हेक्टरच्या लागणीला सुमारे बारा टन बेणे लागते. उष्णतेने काही डोळे मरतात म्हणून ते दुप्पट धरले, तरी वर्षाला पंचवीस टनांच्या आतच उसाला वाफ द्यावी लागते. रोज हजारो टन ऊस गाळणाऱ्या आणि स्वतःचा बॉयलर असणाऱ्या संस्थेला एवढी वाफ जड आहे, असे कोणी म्हणू नये. अडचण वेळेची आहे. पहिल्या कांडीला वाफ दिल्यापासून शेतकऱ्याच्या हातात बेणे पडेपर्यंत अडीच-तीन वर्षे जातात. संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची असते, त्यामुळे निवडून आल्या आल्या काम हाती घेतले, तरच त्याचे फळ त्याच मंडळाला दाखवता येते. काही कारखान्यांनी हे काम वर्षानुवर्षे नेटाने केले आहे आणि त्यांच्या सभासदांना त्याचे मोल ठाऊक आहे.

मोझॅक किंवा पिवळ्या पानांचा रोग यांसारखे विषाणू उष्णतेने हटत नाहीत. तिथे ऊतीसंवर्धन उपयोगी पडते. वाढीच्या अगदी टोकाच्या पेशींमध्ये रसवाहिन्या अजून जोडलेल्या नसतात, त्यामुळे विषाणू तिथे सहसा पोहोचलेला नसतो. मिलिमीटरच्या अंशाएवढा तो कोंब काढून त्यापासून रोपे वाढवली, की विषाणूमुक्त साठा मिळू शकतो. मात्र कोंब मोठा कापला गेला किंवा मूळ झाडाची विषाणू-चाचणी झालीच नाही, तर प्रयोगशाळेतून रोगाच्याच लाखो प्रती बाहेर पडतील. म्हणूनच केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये ऊतीसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था सुरू केली. आमच्याकडे ‘टिश्यूचे रोप’ या दोन शब्दांवरच व्यवहार होतो. ते प्रमाणित प्रयोगशाळेचे आहे का, की ऊतीसंवर्धित उसाच्या पाचव्या-सहाव्या पिढीचा डोळा आहे, हे कोणी विचारत नाही.

आता मुख्य मुद्दा. पूर्वी माणूस शेजारच्या गावातून गुंठ्यावर बेणे घ्यायचा, तेव्हा तो निदान बांधावर उभा राहून फड पाहायचा. काणी दिसली, गवत्या दिसला, तर दुसरा फड शोधायचा. एक डोळा रोपाने, म्हणजे एकेका डोळ्यापासून ट्रेमध्ये वाढवलेल्या रोपाने, पाण्याची, बेण्याची आणि नांगी भरण्याची मोठी बचत केली, त्याबद्दल शंका नाही. दोन डोळ्यांच्या टिपरीने (कांडीच्या तुकड्याने) एकराला दहा हजार टिपऱ्या लागत, तिथे आता सहा हजारांच्या आत रोपे पुरतात आणि एका एकरच्या बेण्यात तीस-तीस एकर लागण होऊ शकते. पण हा गुणाकार रोगालाही तेवढाच लागू होतो. पूर्वी एक वाईट फड आठ-दहा एकर बिघडवायचा, आता तो तीस एकर बिघडवतो आणि तेही तीन तालुक्यांत विखरून, कारण ग्राहकाला फड दिसतच नाही, त्याला दिसतो फक्त हिरवा ट्रे. महिन्याच्या रोपावर गवताळ वाढ बहुधा उमटत नाही आणि खुजा रोग तर कधीच उमटत नाही. म्हणजे रोप पाहून निवड करणे हा मार्गच बंद झाला आहे आणि विश्वास ठेवण्यासारखी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे डोळ्याचे मूळ.

कायद्याची स्थिती पाहिली तर फळरोपवाटिकांसाठी आपल्या राज्यात १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. आंब्याचे कलम विकणाऱ्याला परवाना लागतो, मातृवृक्षाची नोंद ठेवावी लागते. ऊस फळ नसल्याने त्यात बसत नाही. १९६६ च्या बियाणे कायद्याच्या व्याख्येत कांड्या आणि रोपेही येतात, परंतु प्रमाणीकरण ऐच्छिक आहे आणि स्वतः पिकवलेले बियाणे आपल्याच शेतावर दुसऱ्या शेतकऱ्याला विकणाऱ्याला त्यात सूट आहे. ही सूट योग्यच आहे. बाहेरून डोळे विकत आणून लाखो रोपांचा व्यापार करणारी रोपवाटिका मात्र या सुटीच्या आडोशाला उभी राहू शकत नाही, असे मला वाटते. यावर नवा कायदा करा, अशी मागणी करण्याचा माझा विचार नाही. कायदा होईल तेव्हा होईल, आणि गावातल्या बचत गटाच्या महिलांनी कष्टाने उभी केलेली दोन गुंठ्यांची रोपवाटिका परवान्याच्या फेऱ्यात अडकली, तर त्यात भले कोणाचेच नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक रोपवाटिकेने रोपांबरोबर एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर वाणाबरोबरच बेणेमळ्याचे गाव आणि गट नंबर, ऊस लागणीचा की खोडव्याचा, डोळे काढताना त्याचे वय किती, बेणे पायाभूत की प्रमाणित, त्या फडाची पाहणी कोणी आणि कधी केली आणि ट्रे कधी भरले, एवढे लिहिलेले असावे. ही माहिती खरी आहे की नाही हे तपासणेही अवघड नाही, कारण गट नंबर, वाण आणि लागणीची तारीख कारखान्याच्या गट कार्यालयात आधीच नोंदलेली असते, तिच्यावरूनच तर तोडणीचा क्रम लागतो. आज पुष्कळ कारखाने सभासदांना रोपे उधारीवर मिळवून देतात आणि ती रक्कम उसाच्या बिलातून कापून रोपवाटिकेला देतात. ही सोय फक्त चिठ्ठी देणाऱ्या रोपवाटिकांना ठेवावी, एवढे एक परिपत्रक साखर आयुक्तालयाने काढले, तरी पुष्कळ काम होईल. ज्या शेतकऱ्यांनी बेण्यासाठी दहा महिन्यांचा ऊस राखायचा, त्यांना वजनातली घट भरून निघेल असा दर मिळाला पाहिजे, नाहीतर चांगले बेणेमळे गाळपालाच जातील आणि रोपवाटिकेच्या वाट्याला गाळपाने नाकारलेला ऊसच येईल. यामुळे रोपामागे वीस-तीस पैसे वाढतील, हा आक्षेप येणार हे मी धरून चालतो. तीस पैशांनी एकराला अठराशे रुपयांच्या आत खर्च वाढतो. माझ्या खोडव्यात गवत झालेल्या बेटांनी याच्या कितीतरी पट नुकसान केले.

या महिन्यात मी पाच रोपवाटिकांत जाऊन “डोळे कोणत्या फडातले?” एवढेच विचारले. दोघांनी गावाचे नाव सांगितले, दोघांनी “चांगलेच आहेत, काळजी करू नका” असे सांगितले. पाचव्याने मला मोटारसायकलवर बसवून चार किलोमीटरवरचा बेणेमळा दाखवला. लागणीचा, साडेनऊ महिन्यांचा ऊस होता, आणि गवत्या म्हणून उपटलेली सात-आठ बेटे जाळल्याची राख बांधाच्या कडेला होती. त्याचा दर इतरांपेक्षा पंचवीस पैसे जास्त आहे. मी त्याच्याकडे सहा हजार रोपांची आगाऊ रक्कम भरली आणि माझ्या विनंतीवरून त्याने पावतीच्या मागे त्या फडाचा गट नंबर आणि लागणीची तारीख लिहून खाली सही केली.

कळावे,
आपला विश्वासू,
एक ऊस उत्पादक सभासद,
ता. कराड, जि. सातारा